केबल डिजिटल झाली त्याची गोष्ट: डबा, बिल आणि मुंग्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देशातलं अ‍ॅनालॉग केबल प्रक्षेपण कागदोपत्री ३१ मार्च २०१७ ला संपलं. प्रश्न मात्र अजून येत असतात. कुणाच्या सोसायटीत नवीन केबलवाला येतो, कुणी आईवडिलांसाठी गावाकडे कनेक्शन घेतं, कुणाचं बिल अचानक वाढतं. खाली तेच प्रश्न एकत्र केले आहेत. जिथे मत आहे तिथे ते माझं आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

अ‍ॅनालॉग केबल म्हणजे नेमकं काय होतं?

केबलवाल्याची एक कंट्रोल रूम असायची. गच्चीवर मोठाल्या जाळीच्या डिश, खाली खोलीत रिसीव्हर आणि मॉड्युलेटरचे रॅक, आणि ते तापू नयेत म्हणून दिवसरात्र चालणारा पंखा किंवा एसी. उपग्रहावरून आलेलं प्रत्येक चॅनल वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चढवायचं, मग सगळी एकत्र करून वायरीत सोडायची. ती वायर गच्चीवरून गच्चीवर, विजेच्या खांबावरून, प्रसंगी नारळाच्या झाडावरून जायची. सिग्नल पडत जातो म्हणून मधेमधे अँप्लिफायर. शेवटी एक फाटा तुमच्या खिडकीतून आत येऊन थेट टीव्हीच्या मागच्या भोकात जायचा.

वायर आली की सगळी चॅनलं आली. घरात कोण काय बघतंय, या गल्लीत नक्की किती कनेक्शनं आहेत, हे वायरीला माहीत नव्हतं. पैसे थकले तर पोऱ्या पाठवून गच्चीवरचा कनेक्टर काढायचा, एवढाच इलाज. तोही लोक रात्री परत जोडून घेत.

हे सगळं कायद्याच्या आधी उभं राहिलं. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या इमारतींमध्ये एका व्हीसीआरवरून सगळ्या घरांना सिनेमा दाखवण्यापासून सुरुवात झाली. १९९१ च्या आखाती युद्धात लोकांनी सीएनएन पाहिलं, १९९२ मध्ये झी आलं आणि गल्लोगल्ली डिश उभ्या राहिल्या. केबलचा कायदा आला १९९५ मध्ये, तोवर धंदा चांगला बाळसं धरून होता.

मग डिजिटलमध्ये तांत्रिक फरक काय?

अ‍ॅनालॉगमध्ये एका चॅनलला वायरीत ७ किंवा ८ मेगाहर्ट्झची जागा लागते, म्हणजे एका प्रवाशासाठी अख्खी एसटी सोडल्यासारखं. डिजिटलमध्ये चित्र आणि आवाज आधी आकड्यांत बदलतात, मग दाबून लहान करतात. त्यामुळे ८ मेगाहर्ट्झच्या त्याच जागेत साधारण ३८ मेगाबिट प्रति सेकंद एवढा डेटा बसतो (तंत्रज्ञ ज्याला ६४ क्वॅम म्हणतात त्या पद्धतीनं). जुन्या एमपीईजी-२ पद्धतीत त्यात दहाएक साधी चॅनलं बसत, एमपीईजी-४ मध्ये त्याच्या दुपटीच्या आसपास. पूर्वी ऐंशी-शंभर चॅनलांवर दम लागणारी वायर आता कित्येक शे चॅनलं वाहून नेते, ते याचमुळे.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. कायद्यानं नुसतं डिजिटल करायला सांगितलं नाही. सिग्नल कुलूपबंद हवा आणि प्रत्येक डब्याला (म्हणजे सेट-टॉप बॉक्सला) स्वतःचा नंबर हवा, असं सांगितलं. कंट्रोल रूममधला सर्व्हर त्या नंबरला हुकूम देतो: हे चॅनल उघड, ते बंद कर, याचे पैसे आले नाहीत, सगळंच बंद कर. आता पोऱ्याला गच्चीवर चढावं लागत नाही.

सरकारनं एवढी सक्ती कशासाठी केली? चित्र चांगलं दिसावं म्हणून?

जाहिरातींमध्ये तसंच सांगितलं. "स्वच्छ चित्र, जास्त चॅनलं, तुमची निवड." तिन्ही गोष्टी थोड्याफार खऱ्या आहेत. पण माझ्या मते हा सगळा खटाटोप डोकी मोजण्यासाठी होता, आणि ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

अ‍ॅनालॉगच्या काळातली साखळी पाहा. वर चॅनलवाले. त्यांच्याकडून सिग्नल घेणारी मोठी केबल कंपनी, जिला धंद्यात एमएसओ म्हणतात. तिच्याकडून फीड घेणारा तुमच्या गल्लीतला केबलवाला. आणि शेवटी तुम्ही. चॅनलवाले पैसे मागायचे घरटी, पण घरं किती हे फक्त गल्लीतल्या केबलवाल्याला माहीत. त्याच्याकडे एक लांबट वही असायची. बिल्डिंगवार नावं, पुढे महिन्यांचे बारा रकाने, पैसे मिळाले की टिकमार्क, थकले की गोल, आणि मार्जिनमध्ये "घर बंद", "गावाला गेले", "मुलगा देणार" असल्या नोंदी. त्या वहीत पाचशे नावं असली तरी वर सांगताना आकडा शंभर-सव्वाशेचा. वरचा एमएसओ त्याहून कमी सांगायचा. हे उघड गुपित होतं. चॅनलवाले चिडायचे, वाटाघाटी व्हायच्या, शेवटी "अमुक एवढ्या कनेक्शनचे द्या" असा अंदाजपंचे सौदा ठरायचा.

सरकारचाही यात तोटा होता. महाराष्ट्रात केबलवर करमणूक कर होता, महापालिका हद्दीत कनेक्शनमागे महिन्याला ४५ रुपये. वहीतली जी घरं वर सांगितलीच जात नव्हती त्यांचा कर कोण भरणार? जिल्हाधिकारी कार्यालयातली करमणूक कर शाखा मधूनमधून छापे घालायची, पण वायरी मोजून किती मोजणार.

आणखी एक गाठ होती. वायरीत जागा मर्यादित आणि चॅनलं रोज नवी. जुन्या टीव्हींना तर फार वरच्या फ्रिक्वेन्सी पकडताच येत नसत, त्यामुळे सुरुवातीच्या जागांना सोन्याचा भाव. चॅनलवालेच केबल कंपन्यांना पैसे देऊन आपलं चॅनल पुढे लावून घ्यायचे, त्याला कॅरेज फी म्हणतात. म्हणजे प्रेक्षकाकडून येणारे पैसे मधेच जिरायचे आणि चॅनलं जगायची जाहिरातींवर. टीआरपीसाठी जी काही हाणामारी आपण पाहिली, तिचं एक मूळ इथे आहे.

डब्यानं यातली पहिली गाठ बऱ्यापैकी सोडवली. दुसरी सैल झाली, सुटली नाही.

हे सगळं २०१२ मध्ये सुरू झालं ना?

नाही. त्याआधी एक प्रयोग होऊन गेला, 'कॅस' नावाचा. २००२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, १ सप्टेंबर २००३ ला चेन्नईत तो लागू झाला. मुंबई, दिल्ली आणि कोलकात्यात विरोध झाला, सरकार कचरलं, आणि शेवटी न्यायालयाच्या आदेशानंतर २००६ च्या अखेरीस या तीन शहरांच्या काही भागांत कॅस आला. मुंबईत दक्षिण मुंबईचा पट्टा होता. फ्री चॅनलांचा मूळ संच ७७ रुपये, आणि प्रत्येक पे चॅनल जास्तीत जास्त ५ रुपये. आजच्या दरांकडे पाहून हे वाचताना डोळ्यांत पाणी येतं.

पण कॅसमध्ये डबा फक्त पे चॅनलांसाठी लागायचा, फ्री चॅनलं तशीच अ‍ॅनालॉगवर यायची. बऱ्याच घरांनी डबा घेतलाच नाही. त्यामुळे २०१० मध्ये ट्रायनं (दूरसंचार आणि प्रसारणाचे नियम ठरवणाऱ्या प्राधिकरणानं) शिफारस केली की आता सगळंच डिजिटल करा. ऑक्टोबर २०११ मध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये संसदेनं कायदा मंजूर केला.

आमच्या गावाची पाळी कधी आली?

चार टप्पे होते. पहिल्यात मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. मूळ तारीख ३० जून २०१२, ती पुढे ढकलून ३१ ऑक्टोबर २०१२ झाली. दुसऱ्यात दहा लाखांवर लोकवस्तीची ३८ शहरं, ३१ मार्च २०१३ ची मुदत. त्यात महाराष्ट्रातली नऊ: पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि सोलापूर. तिसऱ्यात उरलेली सगळी शहरं, म्हणजे कोल्हापूर, सांगली, अमरावती, नांदेड, आणि गोव्यात पणजी, मडगावसुद्धा. चौथ्यात खेडोपाडी.

गंमत मुंबईच्या सीमेवर झाली. दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे पहिला टप्पा, पलीकडे मीरा रोडला तिसरा. एकाच रस्त्यावर इकडच्या घरात डबा आणि तिकडच्या घरात नुसती वायर, असं काही वर्षं चाललं.

तारखा सारख्या पुढे का गेल्या?

डबेच नव्हते, हे पहिलं कारण. कोट्यवधी डबे लागणार होते, देशात बनत होते थोडे, त्यामुळे बाहेरून, मुख्यतः चीनमधून आणावे लागले. तिसऱ्या टप्प्याची तारीख आधी सप्टेंबर २०१४, मग डिसेंबर २०१५ झाली. ती आल्यावर केबलवाले ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत गेले, स्थगित्या मिळाल्या आणि शेवटी तिसऱ्या टप्प्याला ३१ जानेवारी २०१७ पर्यंत आणि चौथ्याला ३१ मार्च २०१७ पर्यंत मुदत मिळाली. खेड्यातल्या दीड-दोनशे घरांच्या केबलवाल्याला डिजिटल कंट्रोल रूमचा खर्च झेपणारा नव्हता. त्यानं एक तर मोठ्या कंपनीचं फीड घेतलं किंवा धंदा गुंडाळला.

डबा माझा की केबलवाल्याचा?

पावती बघा. नियमानुसार तुम्ही डबा विकत घेऊ शकता, भाड्यानं घेऊ शकता किंवा डिपॉझिटवर घेऊ शकता. प्रत्यक्षात २०१२-१३ च्या घाईत केबलवाल्यांनी हजार-बाराशे रुपये घेतले आणि पावती दिलीच नाही, अशी घरं कितीतरी. मग केबलवाला बदलायची वेळ आली की तो म्हणतो डबा आमचा, तुम्ही म्हणता पैसे आमचे.

विकत घेतलेला असला तरी दुसऱ्या कंपनीवर तो चालेलच असं नाही, बहुधा चालत नाहीच. प्रत्येक कंपनीची कुलूपपद्धत वेगळी. मोबाइलचं सिमकार्ड बदलतो तसा डबा ठेवून कंपनी बदलता यावी, याची चर्चा ट्राय कित्येक वर्षं करत आहे. घराघरांतल्या माळ्यावर मात्र तीन-तीन कंपन्यांचे डबे पडून आहेत.

जुना टीव्ही चालेल का?

चालेल. डब्याच्या मागे लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन पिनांची जागा असते. तुमच्या टीव्हीला तशीच असेल तर वायर जोडा आणि रिमोटवर एव्ही करा. फारच जुना, ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल असेल तर अँटेनाच्या भोकातून सिग्नल देणारा डबा किंवा छोटा मॉड्युलेटर लागतो.

जुन्या चौकोनी टीव्हीवर माणसं उभट आणि बारीक दिसत असतील, किंवा नव्यावर बसकी आणि जाडी, तर डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचं प्रमाण ४:३ किंवा १६:९ करा. हे कुणी करत नाही. लोक वर्षानुवर्षं लांबट तोंडाच्या नायिका बघतात.

नव्या टीव्हीत डिजिटल ट्यूनर आहे, मग डबा कशाला?

ट्यूनर सिग्नल पकडेल, कुलूप उघडणार नाही. दुकानदार "बिनडब्याची केबल चालते" म्हणाला तर त्याला म्हणावं, लावून दाखव.

घरात तीन टीव्ही आहेत. एकाच डब्यावर चालतील?

अ‍ॅनालॉगच्या काळात दहा-वीस रुपयांचा स्प्लिटर आणून हॉल, बेडरूम आणि स्वयंपाकघर असे तिन्ही टीव्ही लावले जायचे आणि केबलवाल्याला कळायचंही नाही. आता प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र डबा. एका डब्यातून दोन टीव्हींना वायर काढता येते, पण दोन्हीवर एकच चॅनल दिसेल. म्हणजे आजींची मालिका आणि आजोबांची मॅच हा तंटा राहतोच.

दुसऱ्या टीव्हीला पूर्ण पैसे लावत असतील तर हुज्जत घाला. २०२० मध्ये ट्रायनं घरातल्या दुसऱ्या आणि पुढच्या टीव्हींना नेटवर्क वापरण्याच्या पायाभूत आकाराच्या जास्तीत जास्त ४० टक्के लावा, असं ठरवलं होतं. आता त्या आकारावरची मर्यादाच गेली आहे (पुढे बिलाच्या उत्तरात बघा), तरी बऱ्याच कंपन्या दुसऱ्या टीव्हीला सवलत देतात. मागितली तर.

पूर्वी मुंग्या यायच्या, आता चौकोन येतात किंवा चित्रच गोठतं. हे कसलं चांगलं चित्र?

प्रश्न रास्त आहे. अ‍ॅनालॉग सिग्नल कमी पडला की चित्र हळूहळू खराब व्हायचं. आधी थोड्या मुंग्या, मग जास्त, मग मागे दुसऱ्या चॅनलची सावली. पण मुंग्यांच्या आडून का होईना, सचिन आउट झाला की नाही ते कळायचं. डिजिटलमध्ये सिग्नल एका मर्यादेच्या वर असेल तर चित्र काचेसारखं, आणि खाली गेला की चौकोन, मग काळा पडदा. मधली अवस्था जवळपास नाही. म्हणून कालपर्यंत छान चालणारा टीव्ही आज एकदम बंद पडल्यासारखा वाटतो. बिघाड आधीपासून वाढत असतो, दिसत नसतो.

केबलवाला येईपर्यंत स्वतः काय बघाल? आधी डब्याच्या मागचा स्क्रूचा कनेक्टर. त्यात वायरीची मधली तांब्याची तार पुढे आलेली असते. ती काळी-हिरवी पडली असेल, वाकली असेल, किंवा बाहेरच्या जाळीचा एखादा केस तिला टेकला असेल तर चौकोन आलेच. वायर कापून नवा कनेक्टर लावायला पाच मिनिटं लागतात. मग खिडकीपाशी बघा. वायर आत येताना उतार आतल्या बाजूला असेल तर पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत कनेक्टरपर्यंत येतं. बाहेर वायरीला एक झोळ देऊन ठेवा, म्हणजे पाणी झोळातून खाली पडेल. शेवटी घरातला स्प्लिटर काढून वायर थेट डब्याला लावून बघा. स्प्लिटरमध्ये निम्म्याहून जास्त सिग्नल जातो.

एवढं करूनही काही ठरावीकच चॅनलं फुटत असतील आणि बाकीची ठीक असतील, तर दोष बहुधा बाहेर आहे. एका फ्रिक्वेन्सीवर दहा-वीस चॅनलं एकत्र असतात, ती सगळी एकदम जातात. केबलवाल्याला "अमुक-अमुक चॅनलं फुटतात" अशी यादी द्या. "टीव्ही दिसत नाही" यापेक्षा त्याला ती फार उपयोगी पडते. चांगला तंत्रज्ञ मीटर लावून लेव्हल (सिग्नलचा जोर) आणि एमईआर (सिग्नलचा दर्जा) बघतो. नुसता डबा बंद-चालू करून निघून जाणारा आला तर त्याला चहा देऊ नका.

मॅच बघताना शेजाऱ्यांच्या घरून आधी ओरडा येतो. का?

चित्र दाबायला, कुलूप लावायला आणि तुमच्या डब्यात ते उलगडायला वेळ लागतो. प्रत्येक कंपनीत हा वेळ थोडा वेगळा. त्यामुळे केबलवाला, डीटीएचवाला आणि मोबाइलवर बघणारा अशा तिघांची विकेट तीन वेळी पडते. मोबाइलवाला सगळ्यात शेवटी. अ‍ॅनालॉगमध्ये अख्खी चाळ एकाच क्षणी ओरडायची.

बिल का वाढलं? आणि ते १३० रुपये कसले?

सुरुवातीला, म्हणजे २०१२ नंतर, केबलवाले एकगठ्ठा पॅकच विकत. तुमची निवड वगैरे कागदावर. मार्च २०१७ मध्ये ट्रायनं नवा दर आदेश काढला आणि कोर्टकचेऱ्या होऊन तो १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. तेव्हापासून बिलाचे दोन भाग झाले. पहिला, नेटवर्क वापरण्याचे पैसे. १०० साध्या चॅनलांपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. एचडी चॅनल दोन चॅनलांइतकं मोजायचं. दुसरा भाग, तुम्ही निवडलेल्या पे चॅनलांची छापील किंमत. १९ रुपयांचं चॅनल घेतलंत तर करासकट २२ रुपये ४२ पैसे.

हिशेब सरळ वाटतो. घोळ कुठे झाला? चॅनल गठ्ठ्यात, म्हणजे बुकेमध्ये, घालायचं तर त्याची किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त ठेवता येणार नव्हती. मग सगळ्या मोठ्या कंपन्यांनी आपापलं आघाडीचं चॅनल बरोबर १९ ला आणून ठेवलं आणि सुटं चॅनल महाग, गठ्ठा स्वस्त अशी मांडणी केली. मराठीतली एक मालिका बघायची तर तिच्यासोबत आठ-दहा अशी चॅनलं घरात येतात, ज्यांची नावंही कुणाला माहीत नाहीत. ती सुटी घ्यायला गेलात तर बेरीज गठ्ठ्याच्या वर जाते.

जानेवारी २०२० मध्ये ट्रायनं दुरुस्ती केली. १३० रुपयांत १०० ऐवजी २०० चॅनलं, दूरदर्शनची सक्तीची चॅनलं त्या मोजणीच्या बाहेर, २०० च्या वर कितीही असली तरी १६०. बुकेसाठी किंमत १२ रुपयांवर आणायचाही प्रयत्न झाला. चॅनलवाले न्यायालयात गेले आणि २०२२ च्या अखेरीस मर्यादा पुन्हा १९ झाली. जुलै २०२४ मध्ये १३० आणि १६० च्या मर्यादाही काढल्या आणि हा आकार कंपन्यांवर सोडला. त्यामुळे आज "कायद्यानं १३० च घ्यायचे" असं सांगून भांडण जिंकता येणार नाही.

व्यवहार म्हणून एक करा. केबलवाल्याकडून तोंडी आकडा घेऊ नका, कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा वेबसाइटवर आपला ग्राहक क्रमांक टाकून चालू चॅनलांची यादी काढा. कुणी कधी न मागितलेले बुके त्यात हमखास सापडतात. दोन काढले तरी फरक दिसतो.

दूरदर्शन फुकट असतं ना? मग त्याचे पैसे का?

चॅनल फुकट, वायर फुकट नाही. सह्याद्रीची किंमत शून्यच आहे. तुम्ही भरता ते सह्याद्री घरापर्यंत आणण्याचे. दूरदर्शनची ठरलेली चॅनलं दाखवणं प्रत्येक केबल कंपनीला बंधनकारक आहे.

आमच्या गावाचं लोकल चॅनल कुठे गेलं?

याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. अ‍ॅनालॉगमध्ये गल्लीतला केबलवालासुद्धा एक मॉड्युलेटर घेऊन स्वतःचं चॅनल काढू शकत होता. गणपतीच्या दहा दिवसांत मंडळांचे देखावे, नगरपालिकेच्या निवडणुकीत उमेदवारांच्या मुलाखती, दहावीच्या निकालाला शाळेतल्या मुलांचे फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा, खाली सरकत्या पट्टीत "साड्यांचा भव्य सेल" आणि "म्हैस हरवली आहे". रात्री एक चोरीचा सिनेमा. चोरीचा सिनेमा गेला त्याचं दुःख नाही. बाकीचं गेलं त्याचं आहे.

डिजिटलमध्ये सगळी चॅनलं एमएसओच्या कंट्रोल रूममध्येच एकत्र आणि कुलूपबंद होतात, आणि ती कंट्रोल रूम बहुधा दुसऱ्या शहरात असते. गावात मधेच चॅनल घुसवता येत नाही. काही जिल्ह्यांच्या ठिकाणी लोकल चॅनलं एमएसओला पैसे देऊन टिकली, बाकीची यूट्यूबवर गेली. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रानं अशा चॅनलांसाठी नियमावली काढली. त्यात नोंदणी आली आणि एकूण चॅनलांत त्यांचा वाटा ५ टक्क्यांपर्यंत, अशी मर्यादा आली.

आणि केबलवाल्याचं काय झालं?

तो वसुली एजंट झाला. पूर्वी वही त्याची, वायर त्याची, ग्राहक त्याचा. आता ग्राहकाची यादी कंपनीच्या सर्व्हरवर, चॅनलं चालू-बंद करणं कंपनीच्या हाती, आणि त्याच्या वाट्याला दारोदार फिरणं. वेगळा करार नसेल तर नेटवर्कच्या आकारात ५५ टक्के एमएसओचे, ४५ टक्के त्याचे. थकबाकीदाराच्या शिव्या मात्र पूर्ण त्याच्याच.

कमी आकडे सांगून त्यानं कमावलं होतं, हे खरं. पण रात्री अकराला फोन केला तर शिडी घेऊन येणाराही तोच होता. यातल्या हुशार लोकांनी त्याच वायरीवरून, पुढे फायबर टाकून, इंटरनेट द्यायला सुरुवात केली. आज तुमच्याकडे ब्रॉडबँडचं बिल घ्यायला येणारा माणूस तोच जुना केबलवाला असण्याची शक्यता बरीच आहे.

केबल घ्यावी की डीटीएच? की फ्री डिश?

कोकणात, घाटमाथ्यावर राहत असाल तर पावसाचा विचार करा. डीटीएचची छोटी डिश कु-बँड नावाच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यावर चालते. मोठा ढग आडवा आला की सिग्नल जातो. केबल कंपनीच्या मोठ्या डिश बहुतांश सी-बँडवर असतात, तिथे पावसाचा त्रास अगदी कमी. पण त्याच पावसात केबलचे सांधे भिजतात आणि झाडाची फांदी वायरीवर पडते, तेव्हा दोन्हीकडे रडगाणं आहेच.

वाडीवस्तीवर घर असेल आणि महिन्याला काहीच भरायचं नसेल तर डीडी फ्री डिश. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली. डिश आणि डब्याचा एकदाच खर्च, महिन्याचं भाडं नाही. मोठ्या पे चॅनलांवरच्या ताज्या मालिका तिथे मिळणार नाहीत. घरातल्या ज्येष्ठांना बातम्या, भजनं आणि जुने सिनेमे पुरत असतील तर उगाच तीनशे रुपये कशाला भरायचे?

गच्चीवरचा जुना अँटेना अजून आहे. त्यावर काही दिसेल?

बहुधा नाही. तो केबलचा भाग नव्हता, दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून हवेतून येणारा सिग्नल तो पकडायचा. मुंबईला वरळी, पुण्याला सिंहगड. दूरदर्शननं ही अ‍ॅनालॉग प्रक्षेपकं टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या ठिकाणची पन्नासेक सोडून सगळी थांबली. मुंबई आणि औरंगाबादसह १६ शहरांत २०१६ मध्ये हवेतून डिजिटल प्रक्षेपणही सुरू केलं होतं, पण ते पकडणारे डबे बाजारात धड आलेच नाहीत. अँटेनाच्या अ‍ॅल्युमिनियमला भंगारात बरा भाव येतो.

तक्रार कुठे करायची?

आधी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर, आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. गल्लीतल्या केबलवाल्याला सांगणं म्हणजे तक्रार नव्हे, त्याची कुठेच नोंद होत नाही. तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे. त्याचं नाव-पत्ता कंपनीनं वेबसाइटवर देणं आवश्यक आहे. त्यापुढे ग्राहक आयोग (पूर्वीचा ग्राहक मंच). ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही, ती नियम करते. तिला पत्र लिहिलंत तर ते बहुतेक कंपनीकडेच पुढे जाईल.

कनेक्शन बंद करायचं आहे. डब्याचं काय करू?

अर्ज लेखी द्या, ईमेल किंवा अ‍ॅपमधून, आणि उत्तर जपून ठेवा. नुसते पैसे भरणं थांबवलं तर काही कंपन्या डब्याचं भाडं चढवत राहतात. डबा भाड्याचा किंवा डिपॉझिटचा असेल तर रिमोट, अडॅप्टर आणि स्मार्ट कार्डासकट परत करून पोच घ्या. पोचपावतीवर डब्याचा नंबर लिहून मागा, तो डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतो. स्टिकर घासून गेला असेल तर डबा चालू असतानाच मेनूत जाऊन नंबरचा फोटो काढून ठेवा. स्वतःचा असेल आणि कुणाच्या कामाचा नसेल तर कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. अडॅप्टर ठेवला तरी चालेल, बऱ्याचदा तो १२ व्होल्टचा असतो आणि वायफायच्या राउटरला बसतो. फक्त जोडण्याआधी दोन्हीवरचे व्होल्ट आणि अँपिअर ताडून पाहा.